वीज कुठपर्यंत आली आहे

त्या शनिवारी सकाळी मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंखा फिरला नाही, पुढचा निळा दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग बटणाला कमी ऐकू येत असावं तसं जोरात दाबून धरलं. डबा गप्प.

मागे खुर्चीत बाबा बसले होते. केस विंचरलेले, चष्मा लावलेला. आमच्या रोजच्या अभ्यासाची ती वेळ. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "बाबा, हा चालू होत नाहीये."

ते म्हणाले, "कुकर."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. बाबा नागपूरला आयटीआयमध्ये शिकवायचे. इलेक्ट्रिशियनचं काम शिकणाऱ्या मुलांना मोटार उघडायला, वायरिंग करायला, दोष शोधायला. निवृत्त झाल्यावर आणि आई गेल्यावरही ते तिथेच राहिले. बंगळूरला या म्हटलं की, "तिथल्या उन्हाला काही चव नाही," असं सांगून विषय बदलायचे. मग एका सकाळी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. जीव वाचला, चालताही येऊ लागलं. उजव्या हाताची ताकद बरीच गेली. आणि बोलणं गेलं.

गेलं म्हणजे आवाज गेला नाही. ऐकू यायचं, बऱ्यापैकी समजायचं, डोकंही जागेवर होतं. शब्द तेवढे सापडत नव्हते. डॉक्टरांनी त्याला अफेजिया म्हणतात असं सांगितलं. बाबांना पाणी हवं असलं की तोंडातून यायचं, "कुकर." खिडकी लावायची असली तरी कुकर, मी ऑफिसला निघाले की निरोप द्यायलाही कुकर. कुकरच का, हे कुणालाच सांगता आलं नाही. ते आयुष्यात कधी स्वयंपाकघरात रमले नव्हते. वाईट हे, की आपण चुकतोय हे त्यांना कळायचं. शब्द बाहेर पडला की ते मान हलवायचे, "नाही, नाही," म्हणायचे, डोळे मिटून पुन्हा जोर लावायचे, आणि पुन्हा तोच शब्द यायचा. ज्या माणसाने आयुष्यभर वर्गात उभं राहून बोलण्यावर पोट भरलं, त्याला असं अडकलेलं बघणं सोपं नव्हतं.

आम्ही त्यांना बंगळूरला घेऊन आलो. जे. पी. नगरमधल्या आमच्या घरापासून जवळच बोलण्याच्या उपचाराचं एक लहानसं केंद्र आहे. तिथल्या बाई मूळच्या म्हैसूरकडच्या. कन्नड, तमिळ, हिंदी, इंग्रजी सगळ्यात रुग्णांकडून बोलून घेतात. पहिल्या भेटीतच त्यांनी मला सांगितलं, "तुमच्या वडिलांचं मन मराठीत आहे, तर मराठीतूनच सुरुवात करायला हवी. मला मराठी येत नाही आणि माझ्याकडे मराठीतली चित्रंही नाहीत. पद्धत मी शिकवते, शब्द तुम्ही आणा."

मग मी शब्द आणायला बसले. घरात माझ्या नवऱ्याचा जुना डेस्कटॉप होता, मोठ्या स्क्रीनचा. घरातल्या वस्तूंचे फोटो काढून त्यावर घातले. केळं, कंगवा, कप, चप्पल, फुलपात्र. प्रत्येकाला माझा आवाज जोडला. आधी फोटो दिसायचा, मग थोडी शांतता, मग शब्दाचं पहिलं अक्षर, मग पुन्हा शांतता, मग पूर्ण शब्द. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, त्यामुळे हे जुळवणं मला अवघड गेलं नाही, पण ऑफिस सांभाळून करताना बरेच शनिवार-रविवार त्यात गेले. रोज सकाळी बाबा आणि मी स्क्रीनसमोर बसायचो. केळं दिसायचं. "के..." असा माझाच आवाज यायचा. बाबा म्हणायचे, "...कर."

चिकाटी त्यांच्यात होती, पण अलीकडे ते कंटाळले होते. कंगव्याचा फोटो आला की खिडकीबाहेर बघायचे. आणि आता कॉम्प्युटरच बंद. त्या सगळ्या फोटोंची आणि आवाजांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

मी नवऱ्याला फोन लावला. तो त्या शनिवारी कामासाठी ऑफिसात गेला होता. तो बेळगावकडचा, त्याचं मराठी निम्मं कन्नडमध्ये भिजलेलं. "सरी, सरी," तो घाईत म्हणाला, म्हणजे बरं, बरं, "स्वल्प थांब. संध्याकाळी आलो की बघतो. हात लावू नकोस उगीच."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत तशीच बसून राहिले. रडू येत होतं. खरं म्हणजे ते कॉम्प्युटरवरून नव्हतं.

खांद्यावर बोट वाजलं. बाबा उठून माझ्यामागे उभे होते. त्यांनी डाव्या हाताने मला बाजूला व्हायची खूण केली, टेबलाला धरून हळूहळू वाकले आणि खाली बघितलं. मग भिंतीतल्या सॉकेटकडे बोट केलं.

"चालू आहे बाबा, बटण चालू आहे."

"नाही, नाही. कुकर. कुकर!" त्यांनी हवेत मूठ धरून अंगठा मागच्या बाजूला टेकवला.

मी स्क्रू ड्रायव्हर आणला. त्यांनी तो बघितला आणि मान हलवली. पक्कड आणली. नाही. मग ते स्वतःच आतल्या खोलीत गेले आणि पलंगाखालून पायाने आपली कॅनव्हासची पिशवी ओढू लागले. नागपूरहून निघताना कपड्यांची बॅग विसरली असती तरी चाललं असतं, पण ही पिशवी त्यांनी गाडीत मांडीवर घेतली होती. इथे आल्यापासून ती उघडली मात्र नव्हती. मी ती बाहेर काढून दिली. त्यांनी आत हात घालून चाचपलं आणि पिवळ्या दांड्याची एक बारीक वस्तू काढून माझ्यासमोर धरली.

"टेस्टर," ते म्हणाले.

किती साधेपणाने म्हणाले! पहिलं अक्षर द्यावं लागलं नाही, डोळे मिटावे लागले नाहीत. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. मग मी काही बोलायच्या आत त्यांनी तो माझ्या हातात कोंबला आणि मला सॉकेटकडे हाताने ढकललं, म्हणजे आधी काम.

मी सॉकेटला टेस्टर लावणार तोच त्यांनी माझ्या पायांकडे बोट केलं. मी अनवाणी होते. रबरी चपला घालून आल्यावरच पुढे जाऊ दिलं. टेस्टरमधला दिवा लागला. भिंतीत वीज होती. ती तिथून एक्स्टेन्शन बोर्डात येत होती का? बोर्डाच्या भोकात टेस्टर लावला. तिथेही दिवा लागला.

बाबांची शिकवायची पद्धत मला लहानपणापासून पाठ होती. घरात काहीही बंद पडलं की ते म्हणायचे, वस्तू बिघडली असं म्हणू नको; आधी वीज कुठपर्यंत आली आहे ते बघ. जिथपर्यंत ती आली आहे तिथपर्यंत सगळं ठीक. त्याच्या पुढे शोध. मी ते वाक्य मोठ्याने म्हटलं. बाबांनी जोरजोरात मान डोलावली आणि बोर्डावरून कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या जाड वायरवरून हवेतच बोट फिरवलं. पुढची पायरी.

पण त्या वायरमधून वीज पुढे जाते की नाही, हे कसं बघायचं? बाबांनी खूप प्रयत्न करून काहीतरी सांगितलं, त्यातला 'कुकर' सोडून काही हाती लागलं नाही. वैतागून त्यांनी टेबलावर हात आपटला. मी म्हटलं, "थांबा बाबा, मला विचार करू द्या." स्क्रीनचा दिवा लागलेला होता आणि स्क्रीनची वायर अगदी तशीच दिसत होती. मी दोन्ही वायरी काढून त्यांची अदलाबदल केली. कॉम्प्युटरच्या वायरवर स्क्रीनचा दिवा लागला. स्क्रीनच्या वायरवर कॉम्प्युटर मेल्यासारखाच.

म्हणजे वायर चांगली. वीज डब्याच्या दारापर्यंत येत होती आणि आत जाऊन हरवत होती.

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. वर्गातल्या मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर येत असेल तसं काहीतरी. त्यांना वायरी बदलणंच सांगायचं होतं का, हे मी नंतर विचारलं, तेव्हा ते हसून "हो" पण म्हणाले आणि "नाही" पण.

डबा उघडायचा ठरला. मी वर्तमानपत्र पसरलं, सगळ्या वायरी काढल्या, डबा आडवा ठेवला आणि एकेक स्क्रू सोडला. बाबा स्टुलावर बसून डाव्या तळहातावर स्क्रू झेलत होते. आतली धूळ बघून आम्हा दोघांनाही शिंका आल्या. इथून पुढे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी मोटारी शिकवल्या, पंखे शिकवले, घरंच्या घरं वायर करून दिली, पण कॉम्प्युटर त्यांचा विषय नव्हता. ते हिरव्या पाटीवरच्या बारीक बारीक भागांकडे चष्मा वर-खाली करून बघत राहिले. मी फोनवर व्हिडिओ शोधला. त्यात एक मुलगी सांगत होती की वीज आधी मागच्या चौकोनी डब्यात येते, तो पॉवर सप्लाय. तो जिवंत आहे की नाही हे बघायला त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी आणि काळी तार पेपर क्लिपने जोडायची. पंखा फिरला तर तो ठीक.

मी क्लिप वाकवायला लागले तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं. मुख्य वायर डब्याला लावलेली नाही ना, हे त्यांनी स्वतः वाकून बघितलं. "आधी," ते म्हणाले. "आधी..." पुढचा शब्द आला नाही. त्यांनी सॉकेटचं बटण स्वतःच्या हाताने बंद केलं. आधी बंद, मग क्लिप आणि मुख्य वायरची जोडणी, मग हात मागे, मग चालू. त्याच क्रमाने आम्ही केलं. मी हात मागे घेतले आणि बाबांनी बटण चालू केलं.

पंखा फिरला नाही.

पुन्हा बंद करून, क्लिप नीट बसवून परत बघितलं. नाहीच. बाबांनी पॉवर सप्लायच्या जाळीला नाक लावलं आणि मला जवळ ओढून माझंही लावलं. जळक्या प्लास्टिकसारखा आंबूस वास होता.

"जळला," बाबा म्हणाले.

तोपर्यंत मी त्यांचे नवे शब्द मोजणं सोडून दिलं होतं. कुठला शब्द कसा आला, हे बघायलाही वेळ नव्हता. "मग नवा आणू या?" मी विचारलं. त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

बाबा बंगळूरला आल्यापासून केंद्राखेरीज कुठेही गेले नव्हते. लोकांसमोर तोंड उघडावं लागेल या भीतीने ते लिफ्टमध्ये कुणी असलं तरी जिन्याकडे वळायचे. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते. त्यांनी पॉवर सप्लाय कापडी पिशवीत घातला, पिशवी डाव्या खांद्याला लावली आणि दारात जाऊन उभे राहिले.

आम्ही मेट्रोने निघालो. आत शिरताना पिशवी तपासणीच्या यंत्रातून गेली आणि पलीकडे बसलेल्या पोलिसाने ती उघडायला लावली. लोखंडी डबा आणि त्यातून लोंबणाऱ्या रंगीत तारा. त्याचं तसं बघणं साहजिकच होतं.

"ये क्या है?" त्याने बाबांना विचारलं.

मी पुढे झाले. बाबांनी मला हाताने थांबवलं. मागे रांग थांबली होती, कुणीतरी घड्याळ बघत होतं. मला वाटलं, आता तो शब्द येणार आणि हे परत कधी घराबाहेर पडणार नाहीत.

"पॉवर... सप्लाय," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, हिंदीत, "जल गया."

"अरे रे," पोलीस म्हणाला, आणि जाऊ दिलं.

गाडीत बसायला जागा मिळाली. बनशंकरी स्टेशन येईपर्यंत बाबा पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून वाकून बघितलं तर ते हसत होते. "अरे रे," त्यांनी पोलिसाची नक्कल केली. मीही हसले. समोरच्या बाईने आमच्याकडे बघून विनाकारण स्मित केलं.

एस. पी. रोडला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. गर्दी, हॉर्न, डोक्यावर खोकी घेऊन पळणारे हमाल. मी बाबांचा हात धरला होता. पहिल्या दोन दुकानांत आमच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तिसऱ्या दुकानात काउंटरवर वयस्कर बाई होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी बाबांकडे बघून, "बन्नी सर," म्हटलं, या म्हणून. बाबांनी पिशवीतून जुना डबा काढून काउंटरवर ठेवला. बोलायला तोंड उघडलं, शब्द अडकला. बाई थांबल्या. मी सांगायला गेले तर त्यांनी माझ्याकडे न बघता बाबांकडेच बघत राहून नुसती मान हलवली, की असू दे, सावकाश.

"नवा," बाबा म्हणाले.

बाईंनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे समोर ठेवले. दोन्हींवर आकडे सारखेच लिहिलेले. मला फरक कळेना. बाबांनी एक डाव्या हातात घेतला, तोलला, खाली ठेवला. दुसरा घेतला, तोलला. मग दुसराच पुढे सरकवला.

"हा का?" मी विचारलं.

त्यांनी तो माझ्या हातात दिला. जड होता. आत तांबं जास्त असणार, माल जास्त असणार, असं काहीसं त्यांना म्हणायचं असावं. बाईंनी हसून कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं. मला त्यातलं 'सरी' तेवढं कळलं. माझं कन्नड भाजीवाल्यापलीकडे फारसं गेलेलं नाही.

येताना आम्ही रस्त्याकडेच्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, कॉफी घेतली. बाबांचा डावा हात थकला होता, तरी पेला त्यांनी माझ्याकडे दिला नाही.

घरी आल्यावर त्यांनी जेवणही पुढे ढकललं. पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा स्टूल. जुना डबा काढताना कुठली तार कुठे होती याचे फोटो मी फोनमध्ये काढून ठेवले होते. एकेक प्लग लावत गेले. बाबा प्रत्येक प्लग बसल्यावर बोटाने हलवून बघायचे. शेवटी मुख्य वायर लावली. मी बटण त्यांना दाबायला सांगितलं. त्यांनी डोकं हलवलं आणि माझंच बोट धरून बटणावर ठेवलं.

पंखा फिरला! आतला, बाहेरचा, सगळे. निळा दिवा लागला. मी ओरडलेच. पण स्क्रीन काळीच राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी.

आतलं सगळंच जळलं असणार, फोटो गेले, आवाज गेले, असं वाटलं. बाबा मात्र शांत होते. त्यांनी भिंतीचं बटण बंद केलं, माझ्यासमोर बसले आणि भिंतीकडे बोट केलं. मग बोर्डाकडे. मग वायरकडे. मग नव्या डब्याकडे. आणि मग पुढे काय, असा हात केला.

मी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. नव्या डब्यातून निघालेला प्रत्येक जुडगा बोटाने धरून शेवटपर्यंत गेले. मोठा प्लग, ठीक. डिस्कचा, ठीक. आणि एक लहान चौकोनी प्लग इतर तारांच्या मागे लपून तसाच लोंबत होता. माझ्या फोटोतही तो कोपऱ्यात अर्धवटच आला होता. वरच्या कोपऱ्यात, मुख्य चिपच्या शेजारी, त्याच्याच मापाची रिकामी जागा होती.

"बाबा, हा राहिला!"

ते वाकून बघेपर्यंत मी तो दाबून बसवला. टक् असा आवाज आला. त्यांनी बोटाने हलवून बघितला.

"शाब्बास," बाबा म्हणाले.

मी भिंतीचं बटण चालू करून कॉम्प्युटरचं पुन्हा दाबलं. स्क्रीनवर आधी अक्षरं आली, मग ओळखीचं निळं चित्र. माझं फोल्डर जागेवर होतं. मी घाईघाईने ते उघडलं, सगळं आहे ना बघायला. पहिलाच फोटो केळ्याचा. "के..." असा माझा आवाज खोलीत घुमला.

बाबांनी त्या केळ्याकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "नको."

मग वर्तमानपत्रावर पडलेल्या पसाऱ्यातून त्यांनी टेस्टर उचलला, माझ्यासमोर धरला. माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. आणि कॉम्प्युटरकडे बोट केलं.

मला तेव्हा कळलं. मी त्यांना केळं आणि कंगवा शिकवत बसले होते, लहान मुलाला शिकवावं तसं. त्यांचे शब्द दुसऱ्याच खोलीत होते. तिथलं दार आज चुकून उघडलं होतं.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा चालू कॉम्प्युटरसमोर वर्तमानपत्रावर बाबांची सगळी अवजारं मांडलेली होती आणि मी एकेकाचा फोटो काढत होते. पक्कड, पाना, पटाशी, होल्डर, पट्टी. "काय ग हे? कुणी दुरुस्त केला?" त्याने विचारलं. मी बाबांकडे बोट केलं, बाबांनी माझ्याकडे. तो गोंधळून बूट न काढताच आमच्यात बसला आणि पिशवीतून पुढची वस्तू काढून द्यायला लागला.

नवे फोटो लागले तशी आमची सकाळ बदलली. सगळे शब्द लगेच आले असं नाही. पक्कड आली, पाना अडकला. काही दिवस सगळंच 'टेस्टर' झालं, तेव्हा माझा धीर सुटला होता. केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, असं होतं, तेही जाईल. ते गेलं. पुढे बाई स्वतःच त्यांच्याकडून वस्तूंची नावं सोडून त्या वस्तूंबद्दल बोलून घ्यायला लागल्या. एकदा त्यांनी टेबलावरच्या दिव्याचा तीन पिनांचा प्लग काढून बाबांच्या हातात दिला आणि हिंदीत विचारलं, "अंकल, ही एक पिन बाकीच्या दोनपेक्षा लांब का असते? मला खरंच माहीत नाही."

बाबांनी प्लग फिरवून बघितला. बाई थांबल्या, मी थांबले.

"अर्थची," बाबा म्हणाले. "अर्थची पिन. लांब. काहून? आधी... आधी अर्थ लागला पाहिजे. मग... करंट. मग धोका नाही."

मी बाईंना ते हिंदीत सांगितलं. अर्थिंगची तार आधी जोडली जाते, म्हणून ती पिन लांब. बाई टाळी वाजवून म्हणाल्या, "अर्थ आयितु!" कन्नडमध्ये त्याचा अर्थ होतो, कळलं. मी बाबांना तसं सांगितलं तर त्यांना इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माझेही डोळे पुसायला झाले होते, पण मी ते बाहेर रिक्षात बसल्यावर पुसले.

बाबांचं बोलणं पूर्ववत झालेलं नाही, होईल असं बाईही म्हणत नाहीत. नावं अजून सटकतात, माझंसुद्धा. फोनवर समोरचा घाई करायला लागला की ते फोन माझ्याकडे देतात. पण वाक्यं येतात, लहान लहान, आणि थांबून का होईना, पूर्ण होतात.

परवा मी ऑफिसचं काम घरून करत होते तेव्हा दार वाजलं. बाबांनी उघडलं. शेजारच्या अक्का होत्या, त्यांच्याच वयाच्या, कन्नडखेरीज दुसरी भाषा न बोलणाऱ्या. हातात इस्त्री. नवऱ्याने कधीतरी त्यांना आमच्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगितली होती. "अण्णा, स्वल्प नोडी," त्या म्हणाल्या, जरा बघा म्हणून.

मी उठून मध्ये पडणार होते. मग वाटलं, नको. बाबांनी इस्त्री डाव्या हातात घेतली, वायर बोटांनी तिच्या मुळापर्यंत चाचपली आणि अक्कांकडे बघितलं.

"कधीपासून बंद?" त्यांनी विचारलं.

अक्कांना मराठी येत नाही. तरी त्यांनी पदर सावरला आणि कन्नडमध्ये सगळं सविस्तर सांगायला सुरुवात केली. बाबा मान हलवत ऐकत होते.